म्युनिकमध्ये आपोआप लागणारं घड्याळ सांगलीत का लागत नाही?

मामांच्या मुलीने म्युनिकहून येताना त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ आणलं. "बाबा, याला सेल बदलायचा नाही, चावी द्यायची नाही आणि वेळही लावायची नाही. सगळं आपोआप होतं," असं सांगून ती पंधरा दिवसांनी परत गेली. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी वहीत नोंद करणारा माणूस. त्यांनी रोज रात्री मोबाईलशी घड्याळ ताडून पाहायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांनी मला फोन आला, "अरे, हे वीस सेकंद पुढे पळतंय. आपोआप लागतं म्हणे!"

हल्ली हा प्रश्न बऱ्याच घरांतून येतो. जपान, जर्मनी, अमेरिकेतली मुलं कौतुकाने असं घड्याळ आणतात, माहितीपुस्तिका मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली असते, आणि ते इथे तसं का वागत नाही हे दुकानदारालाही सांगता येत नाही. घड्याळात बिघाड नसतो. ते हाक ऐकायला कान देऊन बसलेलं असतं, पण आपल्याकडे त्याला हाक मारणारंच कुणी नाही.

आत आहे काय?

घड्याळाच्या आत साधं क्वार्ट्झ घड्याळच असतं. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकाचा बारीक तुकडा. विजेने तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि सर्किट ती थरथर मोजून सेकंद पुढे ढकलतं. आकडा विचित्र वाटतो, पण दोनाला दोनाने सारखं गुणत गेलं की पंधराव्या पायरीवर हाच येतो, म्हणून सर्किटला तो निम्मा-निम्मा करत एकावर आणणं सोपं जातं. अशी घड्याळं महिन्याला पंधरा सेकंद इकडे-तिकडे होऊ शकतात, असं कंपन्या स्वतःच लिहून देतात. म्हणजे मामांचं घड्याळ दोन महिन्यांत वीस सेकंद पुढे गेलं हे अगदी नियमात बसतं.

या साध्या घड्याळाला दोन जोड दिलेले असतात. एक, तबकडीखाली लपवलेलं सोलर पॅनेल, जे आतल्या रिचार्ज होणाऱ्या सेलला वीज पुरवतं. दुसरा, लोहचुंबकीय दांडीवर तार गुंडाळून केलेला छोटा अँटेना आणि रेडिओ. हा रेडिओ गाणी वाजवत नाही, फक्त वेळ ऐकतो. जुन्या माणसांना हे लगेच पटेल. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी टूट-टूट वाजायचं आणि घरातला कुणीतरी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ मिळवायचा. इथे खुर्चीवर चढण्याचं काम घड्याळ स्वतः करतं, तेही आपण झोपेत असताना.

हाक कोण मारतं?

जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगन नावाचं गाव आहे. तिथल्या डीसीएफ77 या केंद्रातून 77.5 किलोहर्ट्झवर चोवीस तास वेळ प्रसारित होते. ती अणुघड्याळांवरून, म्हणजे अणूंच्या कंपनांवर चालणाऱ्या अतिशय अचूक घड्याळांवरून, घेतलेली असते. केंद्र 1959 पासून आहे, पण तारीख-वेळ सांगणारी सांकेतिक भाषा 1973 पासून सुरू झाली. मनगटावरचं पहिलं रेडिओ घड्याळही जर्मनीतच आलं: युंगहान्स कंपनीचं मेगा 1, 1990 मध्ये.

एवढ्या लांबून वेळ कशी कळवायची? लोडशेडिंगच्या दिवसांत व्होल्टेज पडलं की बल्ब एकदम मंद व्हायचा, आठवतं? तसंच. केंद्राची रेडिओ लहर अखंड चालू असते आणि प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला ती क्षणभर मंद होते. एक दशांश सेकंद मंद झाली तर तो शून्य, दोन दशांश सेकंद झाली तर एक. मिनिटभरात हे शून्य-एक एकापुढे एक येत जातात. एकविसाव्या सेकंदापासून मिनिटांचा आकडा, मग तास, तारीख, वार, महिना, वर्ष. एकोणसाठाव्या सेकंदाला मात्र लहर मंद होतच नाही. ती जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. घड्याळ त्यावरून समजतं की पुढचा ठोका नव्या मिनिटाचा. मधेमधे ताळा जुळवणारी चिन्हंही असतात, त्यामुळे गडगडाटात एखादा आकडा चुकीचा ऐकला तर घड्याळ ते मिनिट सोडून देतं आणि पुन्हा ऐकतं. म्हणूनच वेळ लागायला काही मिनिटं जातात.

अशी केंद्रं जगात मोजकीच आहेत. घड्याळाच्या खोक्यावर 'मल्टी बँड 6' असं लिहिलेलं असेल तर ते सहा केंद्रांचं ऐकू शकतं: जपानमधली दोन (फुकुशिमातल्या ओताकादोया डोंगरावरचं 40 किलोहर्ट्झचं आणि क्युशू बेटावरच्या हागाने डोंगरावरचं 60 चं), अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं, इंग्लंडमधल्या अँथॉर्नचं, जर्मनीचं, आणि चीनमध्ये हनान प्रांतातल्या शांगछिउचं. फुकुशिमाच्या केंद्रावर 2011 च्या भूकंपानंतर प्रसारण बंद ठेवावं लागलं होतं, कारण ते अणुभट्टीपासून वीस किलोमीटरच्या आत, रिकाम्या केलेल्या पट्ट्यात होतं. तेव्हा पूर्व जपानातल्या कितीतरी घड्याळांना दूरच्या क्युशूच्या हाकेकडे कान लावावे लागले.

मग सांगलीत का ऐकू येत नाही?

अंतर. कंपन्यांच्या पुस्तिकांत युरोपातल्या केंद्रांचा आवाका सुमारे 1,500 किलोमीटर दिलेला असतो, जपानच्या एकेकाचा 1,000, अमेरिकेचा 3,000. म्युनिक माइनफ्लिंगनपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सांगली साडेसहा हजारांहून जास्त. चीनचं केंद्र त्यातल्या त्यात जवळचं, पण तेही सांगलीपासून चार हजार किलोमीटरच्या पलीकडे.

या लहरी लांब पल्ल्याच्या आहेत हे खरं. 77.5 किलोहर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळजवळ चार किलोमीटर भरते. आपल्या एफएमची तीनेक मीटर असते. एवढी लांब लाट जमिनीला धरून चालते, डोंगराआडही पोहोचते, भिंतीतून घरात शिरते. रात्री तर तिला आणखी बळ येतं, कारण वातावरणाच्या वरच्या भागातला तिला शोषून घेणारा थर सूर्य मावळल्यावर विरतो. म्हणून घड्याळं मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात ऐकायचा प्रयत्न करतात. काही दोन, तीन आणि चार वाजता, काही सहा वेळांपर्यंत. एकदा नीट ऐकू आलं की त्या रात्रीचे बाकीचे प्रयत्न सोडून देतात. पण एवढं करूनही साडेसहा हजार किलोमीटर गाठणं त्या मनगटावरच्या अँटेनाच्या आवाक्यातलं नाही.

आपल्याकडे असं केंद्र का नाही, हे मामांनी विचारलंच. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळं राखतात. म्हणजे वेळ आहे, अचूक आहे, पण ती घड्याळांपर्यंत जाते ती इंटरनेटने आणि उपग्रहांनी. मनगटी घड्याळाला ऐकू येईल अशी दीर्घलहर आपल्याकडे नाही. आणि ती उभारणं सोपंही नाही. जपानच्या फुकुशिमातल्या केंद्राचा मनोरा अडीचशे मीटर उंच आहे. दरम्यान, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2025 मध्ये सगळ्या कायदेशीर आणि व्यापारी व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी अशा नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. 'एक देश, एक वेळ' हे शब्द तेव्हापासून कानावर पडू लागले. मुंबईकरांना यात थोडी गंमत वाटेल. देशाने 1906 मध्ये प्रमाणवेळ स्वीकारल्यावरही मुंबईने स्वतःची, एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ कित्येक दशकं सोडली नव्हती.

घड्याळाला वाटतं ते कुठे आहे?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

या घड्याळांत 'होम सिटी' नावाची एक गोष्ट असते. आपण कुठे आहोत हे घड्याळाला सांगण्याची ती जागा. घड्याळ त्यावरून दोन निर्णय घेतं: कोणत्या केंद्राचं ऐकायचं, आणि ऐकलेल्या वेळेत किती तास मिळवायचे. मामांच्या घड्याळात ती 'बीईआर', म्हणजे बर्लिन होती. सांगलीला आल्यावर मामांनी शहर तसंच ठेवलं आणि तास-मिनिटांचे आकडे तेवढे बदलले. घड्याळाच्या मते ते अजून जर्मनीतच होतं, फक्त कुणीतरी त्याच्या वेळेत लुडबुड केली होती.

पुढच्या मे महिन्यात मामा मुलीकडे गेले. मनगटावर मुद्दाम भारतातली वेळ ठेवली होती, मामींना फोन कधी करायचा ते कळावं म्हणून. पहिल्याच सकाळी उठून पाहतात तर घड्याळ साडेतीन तास मागे. रात्री खिडकीपाशी ठेवलं होतं, माइनफ्लिंगनची हाक ऐकून त्याने इमानेइतबारे आपली वेळ सुधारली होती. मामांना वाटलं बंद पडलं होतं.

योग्य रीत अशी, आकड्यांच्या घड्याळासाठी सांगतो. डावीकडचं वरचं बटण दाबून धरा. शहराची तीन अक्षरं लुकलुकू लागतात. उजवीकडच्या खालच्या बटणाने 'डीईएल' म्हणजे दिल्लीपर्यंत जा. डावीकडचं खालचं बटण एकदा दाबलं की 'डीएसटी' येतं. ही युरोप-अमेरिकेतली उन्हाळी वेळ, आपल्याकडे ती नसते, म्हणून ती 'ऑफ' करा. 'घड्याळ बरोबर एक तास पुढे दाखवतंय' ही तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा हेच चालू राहिलेलं असतं. मग पुढे सेकंद येतात. मोबाईलमध्ये सेकंद दिसतील अशी वेळ समोर ठेवा, आणि मिनिट पूर्ण होताक्षणी बटण दाबा; सेकंद शून्यावर जातात. एक खाचखळगा: घड्याळाचे सेकंद तीस ते एकोणसाठच्या मधे असताना शून्य केले तर मिनिटाचा आकडा एकने वाढतो. म्हणून मिनिट शेवटी तपासा. बटणांची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, क्रम साधारण हाच राहतो.

होम सिटी दिल्ली केली की बहुतेक मॉडेलं रात्री ऐकायचा प्रयत्नच करत नाहीत. उगाच वीजही खर्च होत नाही. परदेशी गेलात की तिथलं शहर निवडा, रात्री घड्याळ खिडकीत ठेवा, बाराचा आकडा बाहेरच्या बाजूला. लोखंडी गज, टीव्ही, चार्जर यांच्यापासून लांब. हातात घालून झोपलात तर तुम्ही कूस बदलली की त्याचा कान फिरतो.

मग रेडिओचा इथे काहीच उपयोग नाही का?

एक जुगाड आहे, आणि मला तो फार आवडतो. मोबाईलवर अशी ॲप मिळतात जी डीसीएफ77 किंवा जपानच्या केंद्राची नक्कल करतात. आता मोबाईलचा स्पीकर 77.5 किलोहर्ट्झचा आवाज काढूच शकत नाही. मग होतं कसं?

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. कुणी वाजवलेला नसतो, तारेतूनच उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ कंपनाच्या पाचपट कंपन म्हणजे तो गंधार. ॲप नेमकं हेच करतं. 77.5 चा पाचवा भाग म्हणजे 15.5 किलोहर्ट्झ. तेवढा सूर मोबाईल काढू शकतो. तो जरा ओबडधोबड करून वाजवला की त्यात पाचपट कंपन आपसूक मिसळतं. जपानच्या 40 साठी तिसऱ्या भागाचा सूर वाजवतात, तेव्हा उपयोगी पडतो तो तिप्पट कंपनाचा पंचम. घड्याळ आवाज ऐकत नाही, हे लक्षात घ्या. स्पीकरच्या किंवा हेडफोनच्या तारेच्या वेटोळ्यातून जे चुंबकीय क्षेत्र गळतं, ते त्याचा अँटेना पकडतो. म्हणून घड्याळ अगदी चिकटवून ठेवावं लागतं आणि आवाज पूर्ण मोठा करावा लागतो. कुत्रं-मांजर घरात असेल तर ते कान टवकारेल, एवढंच.

क्रम महत्त्वाचा: आधी होम सिटी बर्लिन करा, ॲपची हाक ऐकवा, वेळ लागली की मग होम सिटी दिल्ली करा. मधल्या तासांचा हिशोब घड्याळ स्वतः करतं. मी मामांच्या घड्याळावर हे केलं तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मामा शेजारी श्वास रोखून बसले होते, जणू मी बाळंतपण करत होतो.

एक गोष्ट काट्यांच्या घड्याळांबद्दल. वेळ बरोबर मिळाली तरी काटा अर्धं मिनिट मागे दिसत असेल तर दोष रेडिओचा नाही. चुंबकाजवळ गेल्यामुळे किंवा आपटल्यामुळे काटा आपल्या जागेवरून सरकलेला असतो. घड्याळ समजतं की काटा बारावर आहे, तो असतो बाराच्या जरा अलीकडे. सगळे काटे नेमके बारावर आणून बसवायची सोय बहुतेक घड्याळांत असते. पुस्तिकेत 'होम पोझिशन' शोधा.

आता उन्हाचं

रेडिओची बाजू आपल्याकडे लंगडी असली तरी सोलरची भक्कम आहे. रोजच्या वापरापुरती वीज मिळायला एका लोकप्रिय मॉडेलच्या पुस्तिकेत असं दिलंय: बाहेरच्या लख्ख उन्हात पाच मिनिटं, उन्हाच्या खिडकीत चोवीस मिनिटं, ढगाळ दिवशी खिडकीत अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि ट्यूबलाइटखाली आठ तास. हिशोब नीट पाहा. ऑफिसात दिवसभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसणाऱ्याचं घड्याळ उपाशी राहतं आणि शेतावर जाणाऱ्याचं कायम भरलेलं असतं. कोकणातल्या आषाढ-श्रावणातही खिडकीत ठेवलं तर भागतं, कारण पूर्ण भरलेला सेल कित्येक महिने पुरतो.

अंधारात घड्याळ झोपी जातं. आधी आकडे विझतात, काही दिवसांनी बाकीची कामं थांबतात, आत वेळ मात्र चालू राहते. मामांनी एकदा ते 'चांगलं आहे, जपून वापरू' म्हणून लोखंडी कपाटात ठेवलं, तेही वर्षभर! बाहेर काढलं तेव्हा आकडे नाहीत. गावातल्या एका दुकानात नेलं, तिथे निदान झालं, "सेल गेलाय, दोनशे रुपये." मी नेमका तेव्हा सोबत होतो म्हणून वाचलं. त्या दुकानदाराने हातात घेतलेला सेल त्याच मापाचा होता, पण साधा, रिचार्ज न होणारा. सोलर घड्याळात तसा सेल घातला तर पॅनेल त्याला जबरदस्तीने चार्ज करत राहतं, सेल फुगतो, गळतो, आणि सर्किट जातं. घरी आणून घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. दुपारी तीनच्या सुमारास कोपऱ्यात एक अक्षर लुकलुकलं, मग हळूहळू सगळे आकडे. मामा म्हणाले, "हे तर आमच्या जुन्या लाल डब्यासारखं आहे, उन्हात तापल्याशिवाय सुरूच होत नाही."

पण तापवायचं नाही. गच्चीच्या फरशीवर किंवा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं घड्याळ सेल आणि आकड्यांची पट्टी दोन्ही गमावतं. ऊन हवं ते प्रकाशासाठी, उष्णतेसाठी नव्हे.

"मोबाईल असताना हे कशाला?"

प्रामाणिक उत्तर: वेळ पाहायला नको. मोबाईल नेटवर्कवरून वेळ घेतो आणि ती पुरेशी अचूक असते. भारतात राहणाऱ्याने रेडिओसाठी जादा पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत. तेच पैसे टाकायचे तर ब्लूटूथने मोबाईलशी जुळणारं सोलर घड्याळ घ्या, ते मोबाईलकडूनच वेळ विचारून घेतं. किंवा उपग्रहाची वेळ घेणारं. सेइकोने तसं सोलर घड्याळ 2012 मध्ये आणलं, आणि उपग्रह सांगलीवरूनही जातात. पण ही घड्याळं महाग असतात.

आधीच घरात आलेलं असेल, तर ते उत्तम सोलर घड्याळ समजून वापरा आणि महिन्यातून एकदा मिळवा. मामा तसंच करतात. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी सातच्या बातम्यांना, जुन्या सवयीने. फक्त रेडिओ आता मोबाईलच्या ॲपवर लागतो आणि इंटरनेटवरून येणारं प्रसारण काही सेकंद उशिरा पोहोचतं. त्यामुळे मामांचं घड्याळ दर महिन्याला अगदी काटेकोरपणे पाच-सहा सेकंद मागे लावलं जातं. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.